बॅटरी रोज पूर्ण भरते का? धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या अभ्यासिकेच्या प्रकल्प नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, पाहणी

वस्ती धारूरच्या डोंगरात, बालाघाटाच्या कडेला. विजेचे खांब गावठाणातच थांबलेत, वस्तीपर्यंत लाइन नाही. जुन्या शाळेची एक मोठी खोली अभ्यासिका म्हणून वापरतात. दसरा-दिवाळी झाली की इथल्या निम्म्या घरांतली मोठी माणसं कोयता घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि पोरं आजी-आजोबांपाशी राहतात. संध्याकाळी पुस्तक उघडून बसायला उजेडाची जागा म्हणजे ही एकच खोली. यंदा वस्तीवर दहावीला बसणारी पोरं आहेत, म्हणून काम दिवाळीच्या आत उरकायचं ठरवलंय.

सोलर आधीपासून बसवलेलं आहे. खोलीची किल्ली मावशींकडे असते. त्यांनी तक्रार अगदी नेमकी सांगितली: "भाऊ, दिवे लागतेत, पन आठ वाजले की सगळं गप. सकाळी उन्हं आली की दहा मिनिटांत डब्यावर बॅटरी फुल्ल दाखवायलीय. फुल्ल हाय तर रातच्याला जाती कुठं?"

मावशींच्या या प्रश्नातच सगळं दुखणं आहे. डब्यावरच्या, म्हणजे चार्जिंग सांभाळणाऱ्या कंट्रोलरवरच्या, बॅटरीच्या चित्रातल्या रेघा बॅटरीत किती वीज आहे ते सांगत नाहीत, त्या फक्त व्होल्टेज दाखवतात. आणि चार्जिंग चालू असताना व्होल्टेज नेहमी खरं बोलतंच असं नाही.

आज मोजलेलं:

पॅनेल ३३५ वॅटचं, ७२ सेलचं. पाठीमागच्या पाटीवर काम करतानाचं व्होल्टेज ३७.६, करंट ८.९१ अँप, उघड्या तारांवरचं व्होल्टेज ४५.६. पॅनेल सोडवून, शॉर्ट करून डीसी क्लॅम्पने (तारेभोवती पकडून करंट मोजणाऱ्या मीटरने) पाहिलं तर ८.४ अँप. काचेवर सोयाबीनच्या मळणीचा भुसा असूनही एवढं मिळतंय, म्हणजे पॅनेल ठणठणीत आहे.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच (अँप-तास), ट्युब्युलर, म्हणजे आम्लाची आणि पाणी घालावी लागणारी. हायड्रोमीटरने, म्हणजे आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने, सहाही सेल पाहिले: ११३०, ११२५, ११४०, १०९०, ११३०, ११२०. भरलेल्या ट्युब्युलर बॅटरीत १२४० च्या आसपास यायला हवं. चौथा सेल तर गेल्यातच जमा. झाकणातून टॉर्च मारली तर प्लेटांवर पांढुरका थर दिसतो.

कंट्रोलर साधा पीडब्ल्यूएम, २० अँपचा.

९ ऑक्टोबर, हिशेब

बॅटरी कशामुळे मेली ते आज कागदावर मांडलं. मनात संशय होता, आकड्यांनी तो पक्का झाला.

पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे पॅनेल आणि बॅटरीच्या मधला एक चलाख स्विच. स्विच चालू असताना पॅनेलला बॅटरीच्याच व्होल्टेजवर काम करावं लागतं. ३६ सेलच्या पॅनेलचं कामाचं व्होल्टेज अठराच्या आसपास असतं, त्याला १२ व्होल्टची बॅटरी जोडली तर नुकसान थोडकं. इथे मात्र ७२ सेलचं, ३७ व्होल्टचं पॅनेल १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडलंय. करंट तेवढाच राहतो, नऊ अँप. नऊ गुणिले तेरा, म्हणजे १२० वॅटच्या आत-बाहेर. ३३५ वॅटचं पॅनेल छतावर ठेवून त्याचा तिसरा हिस्साच वापरात येत होता.

आता खर्चाची बाजू. नऊ वॅटचे सहा दिवे पाच तास, २७० वॅट-तास. मोबाइल आणि दोन टॅब मिळून ८० धरले. उन्हाळ्यात २५ वॅटचे दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे चार तास, आणखी २००. म्हणजे हिवाळ्यात ३५०, उन्हाळ्यात ५५०. अँप-तासांत २९ ते ४६.

जमेला काय? ऐन उन्हाचे पाच तास धरले तर नऊ अँपने ४५. त्यातले पंधरा टक्के बॅटरी भरतानाच जातात, उरले ३८. हिवाळ्यात कसंबसं भागत होतं, उन्हाळ्यात रोज तूट. बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत भरणं सोपं असतं, शेवटचे वीस टक्के भरायला वेळ लागतो, आणि तो वेळ या बॅटरीला फारसा मिळालाच नाही. अर्धवट भरलेल्या बॅटरीत प्लेटांवरचं सल्फेट कडक होत जातं. तसं झालं की आतला रोध वाढतो, थोड्याशा करंटनेही व्होल्टेज झटक्यात वर चढतं, कंट्रोलरला वाटतं भरली आणि तो हात आखडता घेतो. दहा मिनिटांत फुल्ल दिसायचं कारण हेच.

नवीन काय घ्यायचं ते ठरलं: एमपीपीटी कंट्रोलर, ३० अँपचा, पॅनेलकडून १०० व्होल्टपर्यंत घेणारा. हा पॅनेलला त्याच्या सोयीच्या ३७ व्होल्टवर काम करू देतो आणि बॅटरीकडे व्होल्टेज उतरवून करंट वाढवून देतो. बॅटरी पुन्हा १५० एएचची ट्युब्युलरच. लिथियम आयर्न फॉस्फेटचाही विचार झाला. ती हलकी असते, जास्त वर्षं टिकते, अर्धवट भरलेली राहिली तरी तिचं बिघडत नाही. पण वर्गणीत बसत नाही, आणि तिच्यात काही झालं तर उघडून पाहणारा माणूस या भागात सहज सापडायचा नाही. ट्युब्युलरचं पाणी मावशीसुद्धा तपासू शकतात. अशा आडवाटेच्या ठिकाणी मला हे जास्त मोलाचं वाटतं.

२० ऑक्टोबर, जोडणी

सामान अंबाजोगाईहून आणलं. आधी जुन्या तारा काढल्या.

पॅनेल लिंबाच्या सावलीपासून लांब ठेवलंय ते बरोबरच केलंय, पण त्यामुळे तारेची एकेरी लांबी १८ मीटर झाली. जुनी तार अडीच स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन ३६ मीटर, रोध सुमारे ०.२७ ओहम, नऊ अँपला जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच खर्च. सहा स्क्वेअर एमएमची टाकली, आता एक व्होल्ट जातो. सदतीसातला एक चालेल.

खरी काळजी कंट्रोलर ते बॅटरी या तुकड्याची. जुना बोर्ड दाराशेजारी, बॅटरी कोपऱ्यात, मध्ये तीन मीटर चार स्क्वेअर एमएमची तार. नऊ अँपला ते खपून गेलं असतं. नव्या कंट्रोलरमधून वीस अँप जाणार, तेव्हा या तुकड्यातच अर्धा व्होल्ट पडेल. कंट्रोलरच्या टर्मिनलवर १४.४ आणि बॅटरीच्या खांबावर १३.९ जेमतेम. म्हणजे कंट्रोलरच्या मते बॅटरी शेवटच्या टप्प्यात पोचली, आणि बॅटरी अजून अलीकडेच. बोर्ड उचलून बॅटरीजवळ आणला, पण थेट वर नाही, बाजूला. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि आम्लाचा वाफारा पत्रा आणि सर्किट दोन्ही खातो. आता दीड मीटर, दहा स्क्वेअर एमएम. वीस अँपला पडतो ०.१ व्होल्ट. मीटरचे दोन प्रोब एकदा कंट्रोलरला आणि एकदा बॅटरीच्या खांबांना लावून खात्री केली.

बॅटरीच्या पॉझिटिव्हला अगदी जवळ ४० अँपचा फ्यूज. पॅनेलच्या तारेवर डीसीचा एमसीबी. जुन्या बोर्डात घरगुती एसीचा एमसीबी होता, तो काढला. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून ठिणगी आपोआप विझते. डीसीत ती विझत नाही, संपर्क उघडला तरी ज्योत जळत राहते. पॅनेलच्या बाजूला ४५ व्होल्ट असताना ही जोखीम घ्यायचीच नाही.

जोडण्याचा क्रम बोर्डाच्या झाकणाच्या आत मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवला: आधी बॅटरी, मग पॅनेल, शेवटी दिवे. काढताना उलटं: दिवे, पॅनेल, शेवटी बॅटरी. कंट्रोलर बॅटरी पाहूनच ठरवतो की यंत्रणा १२ व्होल्टची की २४ ची. बॅटरी नसताना पॅनेल जोडलं तर तो चुकीचं ठरवू शकतो आणि काही कंट्रोलर जळतातही.

२१ ऑक्टोबर, सेटिंग

या नोंदीत जरा सविस्तर लिहितो, कारण पुढे कुणी दुसरा आला तर त्याला हे आकडे असेच का ठेवले ते कळलं पाहिजे. कंट्रोलर कारखान्यातून ज्या सेटिंगवर येतो ती सगळ्यांसाठी असते, म्हणजे नेमकी कुणासाठीच नसते.

बल्क. सकाळी कंट्रोलर मिळेल तेवढा करंट ओततो. इथे मर्यादा २२ अँप ठेवली. १५० एएचच्या ट्युब्युलरला १५ ते २२ अँप मानवतो.

अ‍ॅब्सॉर्प्शन. व्होल्टेज १४.४ ला पोचलं की ते तिथेच धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू कमी होऊ द्यायचा. उरलेले वीस टक्के इथे भरतात. आधीची वेळ दोन तास होती, मी तीन केली. करंट दोन अँपच्या खाली आला तर आधीच थांबेल.

फ्लोट, १३.६. भरलेली बॅटरी तशीच राखायला.

इक्वलायझेशन, १५ व्होल्ट, दीड तास, महिन्यातून एकदा. ट्युब्युलर बॅटरीत आम्ल जड असल्याने तळाशी बसतं, उंच डब्यात तर जास्तच. या जादा व्होल्टेजने बुडबुडे येतात, आम्ल ढवळलं जातं आणि मागे पडलेले सेल बरोबरीला येतात. ते मी आपोआप चालू होऊ दिलेलं नाही. खिडक्या उघड्या आहेत, पाण्याची पातळी बरोबर आहे आणि दिवे बंद आहेत हे पाहूनच हाताने लावायचं. जोडलेले एलईडी १५ व्होल्ट सहन करतात की नाही याचा भरवसा नसतो.

तापमान. बॅटरी जितकी गरम तितकं चार्जिंगचं व्होल्टेज कमी: प्रत्येक सेलमागे एका अंशाला चार मिलिव्होल्ट वजा. सहा सेल, म्हणजे २४. १४.४ हा आकडा २५ अंशांचा. मराठवाड्यात हे कलम सगळ्यात महत्त्वाचं. थंडीत बॅटरी दहा अंशांवर असेल तेव्हा तिला १४.७६ हवेत आणि एप्रिलमध्ये ३९ वर असेल तेव्हा १४.०६ पुरे. एकच आकडा वर्षभर ठेवला तर हिवाळ्यात उपाशी आणि उन्हाळ्यात उकळलेली, असं होतं. म्हणून तापमानाचा सेन्सर बॅटरीच्या अंगाला, पाण्याच्या पातळीच्या खाली, फोमचा तुकडा ठेवून टेपने घट्ट चिकटवला.

कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की दिवे आपोआप बंद व्हायचे ते व्होल्टेज. कारखान्याची सेटिंग ११.१. अशा हलक्या लोडला ११.१ येईपर्यंत बॅटरी जवळजवळ रिकामी झालेली असते. तपासायला सोपा हिशेब आहे: सेलचं ग्रॅव्हिटी (हायड्रोमीटरचा आकडा भागिले हजार) अधिक ०.८४ म्हणजे त्या सेलचं शांत असतानाचं व्होल्टेज. १.२४० ला २.०८, सहा सेलचे १२.४८. अर्धी वापरलेली बॅटरी साधारण १.१७ ला येते, म्हणजे १२.०६. दिवे चालू असताना थोडं खाली दिसतं म्हणून कट-ऑफ ११.८ ठेवला. पुन्हा चालू होण्याचं व्होल्टेज १२.६ होतं, ते १३.१ केलं. १२.६ तर सकाळची उन्हं नुसती पॅनेलवर पडली तरी येतं, आणि मग रिकाम्या बॅटरीवर पुन्हा दिवे लागतात.

दुपारी बारा वाजता बॅटरीत १८.१ अँप जात होते. जुन्या पीडब्ल्यूएमच्या दुप्पट, तेही त्याच पॅनेलवर.

२७ ऑक्टोबर

सोयाबीनची मळणी वस्तीच्या अंगालाच चालू आहे. थ्रेशरमधून उडणारा बारीक भुसा रात्रीच्या दवाने काचेवर चिकटतो आणि उन्हाने वाळून पापुद्रा होतो. नुसता फडका फिरवून निघत नाही. पुसण्याआधी १५.८ अँप, पुसल्यावर १८.२, मध्ये दहा मिनिटंही गेली नव्हती. नियम केला: मळणी संपेपर्यंत दर दोन दिवसांनी सकाळी, काच गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ कापडाने. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी टाकायचं नाही. साबण लावायचा नाही.

१० नोव्हेंबर, वही

अकरावीतल्या एका पोरीने नोंदीचं काम मागून घेतलं. तिला चार रकाने आखून दिले: उन्हं यायच्या आधीचं व्होल्टेज, कालची एकूण कमाई वॅट-तासांत, अ‍ॅब्सॉर्प्शन किती मिनिटं चाललं, रात्री कट-ऑफ झाला का. कंट्रोलर मागच्या तीस दिवसांची नोंद ठेवतो, त्यामुळे एखादा दिवस राहिला तरी मागे जाऊन पाहता येतं.

तिने विचारलं, "काका, यातला खरा रकाना कोणता?" मी तिसऱ्यावर बोट ठेवलं. अ‍ॅब्सॉर्प्शनची मिनिटं. तिथे रोज शंभर-सव्वाशेच्या पुढे आकडा असला की बॅटरी पूर्ण भरतेय. शून्य दिसलं की त्या दिवशी भरली नाही, मग डब्यावर कितीही रेघा दिसोत. लागोपाठ चार दिवस शून्य आलं तर मला फोन करायचा. पहिल्या पंधरवड्यात एकही शून्य नाही.

मावशींना मी रेघांवर कागदाची पट्टी चिकटवून दिली. तिथे पाहायचंच नाही.

१५ डिसेंबर

थंडी कडक आहे. पहाटे खोलीत नऊ अंश. सेन्सरच्या हिशेबाने अ‍ॅब्सॉर्प्शन १४.७ ला चाललंय, सेल १२४० च्या आसपास, सगळे पाच-दहाच्या फरकात. छान चाललंय.

पलीकडच्या तांड्यावरचे एक भाऊ आज भेटले. त्यांच्याकडे असंच एक ३३५ चं पॅनेल पडून आहे, ते अभ्यासिकेला द्यायला तयार आहेत. पावसाळ्यासाठी ते हवंच आहे. त्यांचं म्हणणं होतं की सिरीजमध्ये (एकामागे एक, म्हणजे व्होल्टेजची बेरीज होते) जोडा, तार पातळ चालेल आणि तोटा कमी. तत्त्व बरोबर आहे. पण दोन पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे उघडं व्होल्टेज ९१.२, तेही २५ अंशांना. पॅनेल गार असलं की व्होल्टेज वाढतं, अंशाला साधारण ०.३ टक्के. आज पहाटेसारख्या थंडीत, पाच अंश धरले तर सहा टक्के वाढ, म्हणजे ९६.७. परभणीकडे तर पारा याहून खाली गेलेला आहे. कंट्रोलरची मर्यादा १००, आणि ती ओलांडली तर तो तिथल्या तिथे जातो. बरं, हे घडतं नेमकं पहाटे, पहिल्या उन्हाच्या वेळी, कुणी जवळ नसताना. इतक्या कडेला जायचं नाही. पॅनेल पॅरलल (शेजारी-शेजारी, म्हणजे करंटची बेरीज होते) जोडायचं. तार जाड लागेल, लागू दे. दोनच पॅनेल पॅरलल असतील तर प्रत्येकाला वेगळा फ्यूज नाही लागत, कारण एकाचा करंट दुसऱ्यात उलटा गेला तरी तो एकाच पॅनेलपुरता असतो. तीन झाली असती तर फ्यूज घालावेच लागले असते.

पॅनेल न्यायला ट्रॅक्टर रिकामा मिळेल तेव्हा पाहू. सध्या तुरी काढायची घाई आहे.

१९ जानेवारी २०२५

सप्ताहाची मंडळी आली होती. कीर्तनाला माईकसाठी अभ्यासिकेच्या बॅटरीवर इन्व्हर्टर चालेल का, असं विचारत होती. विचारून करताहेत याचं मला बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी इन्व्हर्टर थेट कंट्रोलरच्या लोड टर्मिनलला लावतात. तिथे तो लावायचा नसतो. इन्व्हर्टर चालू होताना त्याचे कपॅसिटर एकदम मोठा करंट ओढतात आणि कंट्रोलरमधला स्विच जळतो. इन्व्हर्टर लावायचाच तर सरळ बॅटरीला, स्वतःच्या फ्यूजमधून, पण मग कंट्रोलरचा कट-ऑफ त्याला लागू होत नाही आणि बॅटरी कितीही खाली जाऊ शकते.

मंडळींना हे सगळं सांगितलं. दहावीची परीक्षा महिन्यावर आलीय हेही सांगितलं. त्यांनी जनरेटर भाड्याने आणायचं ठरवलं.

२२ फेब्रुवारी

दहावीचा पहिला पेपर काल झाला. पोरं रात्री साडेदहापर्यंत बसताहेत, दिव्यांचे तास वाढलेत, रोजचा खर्च ४३०. कमाई ११०० पर्यंत जाऊ शकते, पण बॅटरी दोनच्या आत भरते आणि कंट्रोलर उरलेलं ऊन सोडून देतो. वहीत शून्य नाही. बाकी काही नाही.

१३ एप्रिल, उन्हाळा

फडावरून माणसं परत आलीत, वस्ती भरलेली आहे. मी मात्र दिवसभर बॅटरीपाशी बसून होतो.

वहीत दोन गोष्टी दिसल्या होत्या. अ‍ॅब्सॉर्प्शनची मिनिटं व्यवस्थित, दीडशेच्या पुढे, तरी पहाटेचं व्होल्टेज हळूहळू खाली सरकतंय. आणि पंख्यांमुळे खर्च वाढलाय, तो अपेक्षितच होता. पहिली गोष्ट मात्र कोड्यात टाकणारी. मिनिटं भरतात, बॅटरी भरत नाही.

हायड्रोमीटर काढला. एकेका सेलचं झाकण उघडून रबरी फुगा दाबायचा, नळी आत सोडायची, फुगा हळूच सोडायचा. काचेत आम्ल चढतं आणि आतला तरंगणारा तुकडा वर येतो. तो काचेला चिकटून बसला तर आकडा चुकतो, म्हणून नळीवर टिचकी मारून बुडबुडे घालवायचे, डोळा पातळीच्या रेषेत आणायचा आणि मग वाचायचं. १२१५, १२२०, १२१५, १२१०, १२२०, १२१५. वाचन २७ अंशांचं धरतात, वर एकेका अंशाला ०.०००७, म्हणजे या आकड्यांत ०.७, मिळवायचे. आम्ल ३९ वर होतं, म्हणजे आठ मिळवले तरी १२२३ च्या आसपास. सगळे सेल सारखेच कमी. एखादा सेल खराब असता तर तो एकटाच मागे पडला असता. म्हणजे बॅटरी धड आहे, तिला मिळतंयच कमी.

मग सेन्सर पाहिला. पाणी घालताना टेप सुटली होती आणि सेन्सर मागच्या पश्चिमेच्या भिंतीला टेकला होता. दुपारनंतर ती भिंत हात लावू देत नाही. सेन्सर ४७ दाखवत होता, बॅटरीच्या अंगावर थर्मामीटर ३९. फरक आठ अंशांचा, व्होल्टेजमध्ये ०.१९. बॅटरीला हवे होते १४.०६, कंट्रोलर देत होता १३.८७. तीन तास १३.८७ धरून ठेवलं आणि वहीत मिनिटं मात्र नीट पडली.

हे मी मुद्दाम लांबवून लिहितोय, कारण मीटर, वही, डिस्प्ले सगळं ठीक दिसत असताना बॅटरी अशी उपाशी राहू शकते. पूर्ण भरल्याचा शेवटचा पुरावा आम्लात असतो. हायड्रोमीटरला पर्याय नाही. वहीत पाचवा रकाना आखला: महिन्यातून एकदा सहा सेलचं वाचन, आणि त्याच वेळी सेन्सर जागेवर आहे का ते हाताने चाचपून पाहायचं.

सेन्सर पुन्हा चिकटवला, यावेळी टेपवरून सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली. बॅटरी भिंतीपासून हलवून ईशान्येच्या कोपऱ्यात लाकडी पाटावर ठेवली, कंट्रोलरही तिच्यामागोमाग हलवला जेणेकरून तार दीड मीटरच राहील. छतावर चुना मारायला वस्तीवरची पोरं तयार झाली. बॅटरी दहा अंशांनी जास्त तापली की तिचं आयुष्य जवळपास निम्मं होतं असा ठोकताळा आहे, त्यामुळे चुन्याच्या दोन गोण्यांत बॅटरीची काही वर्षं वाचत असतील तर ते काम आधी.

डिस्टिल्ड वॉटर सगळे सेल मिळून सव्वा लिटर लागलं. इथे पाण्याचे जार येतात, त्यातलं आरओचं पाणी घालू का असं मावशींनी विचारलं. नाही. त्यातही क्षार राहतात. बाटलीवर डिस्टिल्ड किंवा डीआय लिहिलेलंच. आणि पाणी घालायचं ते बॅटरी भरल्यावर. रिकामी असताना काठोकाठ घातलं तर भरताना आम्ल उतू येतं.

२७ एप्रिल

१२४०, १२४०, १२३५, १२३५, १२४०, १२४०. तापमानाची दुरुस्ती धरून. मध्ये एकदा इक्वलायझेशन केलं, खिडक्या उघड्या ठेवून.

चुना मारल्यावर दुपारी बॅटरीच्या कोपऱ्यात ३५ अंश.

८ जून

विजांचा कडकडाट फार. पॅनेलची चौकट आणि छतावरचं स्टँड जमिनीत रोवलेल्या अर्थिंगच्या रॉडला जोडलं, डीसीचा सर्ज अरेस्टर (विजेचा अचानक झटका जमिनीत वळवणारा) बसवला. रॉडभोवतीची माती कोरडी ठणठणीत होती, पाणी ओतून ओलसर केली. दुसरं पॅनेल आलंय, खोलीत ठेवलंय. स्टँडचे अँगल धारूरहून यायचेत.

२८ सप्टेंबर २०२५

या महिन्यात मराठवाडाभर अतिवृष्टी झाली. सिंदफणा, मांजरा, सीना सगळ्याच भरून वाहिल्या, खालच्या गावांत पिकं पाण्यात गेली. वस्ती उंचावर आहे म्हणून घरं वाचली, पण उतारावरच्या रानांची माती गेली, सोयाबीन उभं सडलं. अशा दिवसांत बॅटरीबद्दल लिहायला मन होत नाही. पण याच दिवसांत अभ्यासिकेच्या खोलीत रात्री माणसं बसून होती आणि मोबाइल इथेच चार्ज होत होते, त्यामुळे लिहून ठेवतो. स्टँडचे अँगल रस्ता वाहून गेल्यामुळे आलेच नव्हते, म्हणजे हे सगळे दिवस एकाच पॅनेलवर निघालेत.

वहीत अ‍ॅब्सॉर्प्शनच्या रकान्यात ओळीने शून्य. कमाई २१०, १८०, २४०, १६०. खर्च पहिल्या दिवशी ४००. दुसऱ्या दिवशी त्या पोरीने स्वतःच दोन दिवे आणि टॅब बंद ठेवले, खर्च २६० वर आणला. मला फोन करायला रेंज नव्हती, तिने वही पाहून ठरवलं. शेवटी एका रात्री साडेनऊला कट-ऑफ झाला, ११.८ ला, जसा व्हायला हवा तसा. दुसऱ्या दिवशी ढगांतूनही थोडं मिळालं आणि संध्याकाळी दिवे पुन्हा लागले. आज ऊन पडलंय. दुपारी एकला १९ अँप जात होते आणि व्होल्टेज अजून १३.४, म्हणजे बॅटरी खूप खाली गेलेली असूनही धडपणे घेतेय. जुन्या बॅटरीने अशा वेळी दहा मिनिटांत फुल्ल दाखवलं असतं.

५ ऑक्टोबर

अ‍ॅब्सॉर्प्शन आठवडाभरात पूर्ववत. काल इक्वलायझेशन केलं. सेल १२३५ ते १२४०, चौथा १२३०, त्याच्यावर लक्ष ठेवायचं.

दुसरं पॅनेल आज चढवलं, पॅरललमध्ये. पॅनेलच्या बाजूची तार दहा स्क्वेअर एमएमची केली. पॅनेलकडून आता १८ अँपच्या पुढे येऊ शकतात, कंट्रोलरच्या पाटीवर ते बसतं का ते आधी पाहून घेतलं. बॅटरीच्या बाजूला मर्यादा २२ अँपचीच ठेवली, त्यामुळे कडक उन्हात दुसऱ्या पॅनेलचा फारसा उपयोग दिसणार नाही. ते बसवलंय ढगाळ दिवसांसाठी. १६० वॅट-तासांच्या दिवशी ३२० मिळाले तर दोन दिवे बंद ठेवून खर्च भागतो.

दुपारी चार वाजता आभाळ भरून आलेलं असताना ६.४ अँप. तेव्हाच एक पॅनेल सोडवून पाहिलं: ३.३. वहीत लिहिलं, पोरीने सही केली.